अडवलेले निरोप

रोह्याजवळच्या अष्टमी गावात काही घरांतून एक रीत आहे. ती कुणी घालून दिली हे विचारण्यात अर्थ नाही. आखातात गेलेल्या माणसाला घरची वाईट बातमी कळवायची नाही. छप्पर उडो की म्हैस मरो, फोनवर आपलं "सगळे बरे हाव". आमनाबीने ही रीत आधी नवऱ्यासाठी पाळली, मग मुलासाठी. खलील कुवेतहून कायमचा परतला त्याच साली उबेद तिकडे गेला, म्हणजे तिला मध्ये उसंत अशी मिळालीच नाही.

उबेद तिकडे बंदरात क्रेन चालवतो. वर लोखंड, खाली माणसं. अशा पोराच्या डोक्यात आईचं दुखणं कशाला घालायचं? आमनाबीचा विचार एवढाच होता, आणि तो काही वेड्या बाईचा विचार नव्हता.

दुखणं मात्र साधं नव्हतं. आमवाताने बोटं वाकडी केली होती आणि आतल्या आत हाडंही ठिसूळ केली होती. पेणच्या डॉक्टर सुरभींनी तिला निवांत बसवून समजावलं होतं. हाड म्हणजे एकदा बांधली की संपली अशी भिंत नव्हे. ते जन्मभर थोडं पोखरलं जातं, थोडं भरलं जातं. आमवातात रोगाशी लढणाऱ्या पेशी विनाकारण खवळतात आणि हाड पोखरणाऱ्या पेशींना कामाला लागा म्हणून निरोप धाडत राहतात. भरणाऱ्या पेशी मागे पडतात. दर सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन तो निरोप वाटेतच अडवतं. पण ते चुकवायचं नाही. चुकलं, की अडून राहिलेलं पोखरणं एकदम जोरात सुरू होतं.

आमनाबीने मान डोलावली, आणि दोन-तीन वर्षं एकही इंजेक्शन चुकवलं नाही.

मग उबेद सोयरीक ठरवायला सुट्टीवर आला आणि नेमकी तेव्हाच इंजेक्शनची पाळी आली. पेणला कशाला जाता, असं त्याने विचारलंच असतं. खलील म्हणाला, बाजाराचं निमित्त सांगू. ती म्हणाली, पोराला विमानात बसवू आणि मग जाऊ. तेव्हा फारसं दुखतही नव्हतं. औषध लागू पडलं की आपण मुळात धडधाकटच होतो असं माणसाला वाटायला लागतं. उबेद गेला, मागोमाग रमजान आला, ईद झाली, पाहुणे झाले आणि पेण तेवढं राहून गेलं.

एका सकाळी तिने भाताचा टोप उतरवला आणि पाठीत अशी कळ गेली की ती तिथेच खाली बसली. दोन मणके दबले होते. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, तेच तिला जास्त लागलं. इंजेक्शन पुन्हा सुरू झालं, कमरेला पट्टा आला. दबलेले मणके पूर्वीसारखे व्हायचे नव्हते, पण बाकीचे वाचवता येण्यासारखे होते.

घरी आल्यावर तिने पहिलं काय सांगितलं असेल, तर उबेदला कळवू नका. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच! खलीलने तिच्या पाठीशी उशी सारली.

"माझी आई गेली," तो म्हणाला, "ते तू मला चाळिसाव्या दिवसानंतर कळवलंस."

"तुमाला तिकडं त्रास नको म्हणून."

"व्हय. मातीला मी पोचलोच नसतो. पन ते सगळे दिवस मी तिकडं हसत होतो, गो. दोस्तांबरोबर जेवत होतो, गाणी ऐकत होतो. ते हसणं मला आजून लागतं."

आमनाबी सुन्न झाली. आपण नवऱ्याला केवढ्या दुःखातून वाचवलं, याचा तिला इतकी वर्षं मनातून अभिमान होता. ती रडली नाही, पण रात्री तिला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी उबेदची क्रेन बंद असते. तिने तो दिवस येऊ दिला आणि स्वतः फोन लावला. मणके, इंजेक्शन, पेण सगळं एका दमात सांगून टाकलं.

"दुखतंय का गो, अम्मी?" उबेदने विचारलं.

"नाय रे, बरी हाय," हे शब्द तिच्या जिभेवर आलेच होते. तिने ते गिळले.

"दुखतंय," आमनाबी म्हणाली. "लय दुखतंय, बाळा." आणि ती मोठ्याने रडू लागली.