पाणी ओलांडताना सांगायचं असतं

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, हाँगकाँगच्या खाडीत ये-जा करणाऱ्या फेरीबोटीतला. अस्सल सागवानी. आमची बोट कधी वळत नाही, आली तशीच उलटी निघते. म्हणून माझी पाठ इकडून तिकडे लोटता येते. इथली माणसं बसण्याआधी एका हाताने खाडकन पाठ लोटतात आणि पुढे तोंड करून बसतात. पाहुणे बसतात तसेच, मागे तोंड करून. कोण घरचं आणि कोण बाहेरचं, हे मला तेवढ्यावरून कळतं.

गोऱ्या साहेबांच्या काळात मला दरसाल वॉर्निश मिळायचं. साहेब वरच्या मजल्यावर, आमची चिनी मंडळी खाली, माझ्यावर. वाई-चुंग त्यांतलाच. साहेबाच्या कचेरीत कारकून, गळ्यात टाय, हातात अंड्याच्या गोड टार्टची पुडी. रविवारी बायकोला, क्वाय-हिंगला, घेऊन यायचा. माझी पाठ लोटायचा, हाताने जागा पुसायचा आणि म्हणायचा, "बस." बोलघेवडा नव्हताच तो. साहेब गेले, झेंडा बदलला, माझं वॉर्निश थांबलं. पण ते "बस" काही थांबलं नाही.

मग वाई-चुंग गेला. या शहरात जित्या माणसाला धड खोली मिळत नाही, तिथे मेलेल्याला कोण विचारतो? इथे अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात जपतात, त्या कोनाड्यासाठीही रांग! त्याची राख मयताच्या सामानाच्या दुकानात फळीवर पडून राहिली. क्वाय-हिंग रविवारी तिथे जायची आणि परतताना माझ्यावर बसून डोळे पुसायची.

परवा तिचा मुलगा चुन-हो मँचेस्टरहून आला, बापाची राख न्यायला. कलश मांडीवर घेतला आणि बसला तसाच, मागे तोंड करून.

"आई, तिकडे घराजवळच स्मशान आहे. हिरवंगार. जागाच जागा."

"आणि त्यांच्याशी बोलणार कोण? तुझी पोरं? त्यांना 'जेवलात का' एवढंसुद्धा धड विचारता येत नाही."

"मग काय, फळीवरच ठेवायचं? तुलाही चल म्हणतोय ना मी?"

"मला नको तुझी थंडी." मग तीच नरमली. "ने बाबा, ने. माझ्यामागे इथे त्यांची जागा झाडायला तरी कोण आहे?"

आमच्याकडे एक रीत आहे, मित्रांनो. गेलेल्याला नेताना पाणी आलं, की मुलाने मोठ्याने सांगायचं, 'बाबा, बोटीत चढतोय. बाबा, पाणी ओलांडतोय.' नाही सांगितलं तर जीव मागेच राहतो. कितीतरी पोरांना असं रडत रडत सांगताना मी ऐकलंय. चुन-हो मात्र मोबाइलमध्ये डोकं घालून विमानाची वेळ बघत होता.

बोटीवरचा म्हातारा खलाशी बिउ जवळ आला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, पोराने सांगितलं नाही हो अजून! सांगायला लावा."

क्वाय-हिंगने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो मुकाट्याने दोर गुंडाळत निघून गेला.

"काय म्हणत होता तो?" चुन-होने विचारलं.

"काही नाही. धक्का आला, म्हणत होता."

पलीकडे चुन-हो कलश घेऊन टॅक्सीत बसला. ती त्याच बोटीने परतली. माझी पाठ लोटली, कडेला सरकून बसली आणि शेजारची रिकामी जागा हाताने पुसली.

"बसा," ती म्हणाली.

खोटं कशाला बोलू, मला भडभडून आलं. नवरा तिने ठेवून घेतला. पोराच्या हाती नुसती राख गेली, आणि ते त्याला कधी कळायचंही नाही. पण तीही आता थकली आहे. उद्या ती गेली, की तिला पाणी ओलांडताना कोण सांगणार?

आता नव्या बोटी येताहेत, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या. माणसं येऊन माझी मापं घेऊन गेली. कुठे नेणार, काय करणार, माझ्याशी कोणी अवाक्षर बोललं नाही. तुम्ही लहान आहात, म्हणून तुम्हाला सांगतो. जुनं माणूस असो की जुना बाक, जागचं हलवण्याआधी त्याला एकदा सांगा. आम्हाला ऐकू येतं.