वाटेतून काढलेला उंबरठा

मी एक जुना उंबरठा आहे. पण आता दारात नाही. पोर्चच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून मला उभं करून ठेवलं आहे. माझ्या डोक्यावर ओलं फडकं वाळत घालतात, आणि शेजारचा बोका रोज येऊन माझ्यावर नखं घासतो. उंबरठ्यानं उभं राहायचं, हे काय उंबरठ्याचं जिणं झालं! पण मित्रांनो, माझं रडगाणं ऐकवायला मी तुम्हाला थांबवलेलं नाही. मला यशवंतरावांची गोष्ट सांगायची आहे. ती माझ्यावाचून पूर्ण होत नाही, म्हणून आधी थोडं माझ्याबद्दल सांगतो.

गरियाबंदकडच्या जंगलात मी सरईचं झाड होतो. तुमच्या पुस्तकात त्याला साल म्हणतात. तिथून मी रायपूरच्या एका लाकडाच्या टालात, म्हणजे वखारीत, येऊन पडलो. त्या सुमारास समता कॉलनीत अभिनवच्या घराचं बांधकाम चालू होतं. त्याला उंबरठा नकोच होता. "आजकाल कोण लावतं? टाइल्स सरळ आत जाऊ द्या," म्हणाला. त्याचे वडील यशवंतराव रेल्वेतून निवृत्त झालेले, राहायला जुन्या शहरातल्या बूढ़ापाऱ्यात. रोज स्कूटरवरून बांधकाम बघायला यायचे. ते असे भडकले, की गवंड्यांनी थापी खाली ठेवली. "बिना उंबरठ्याचं घर काहून बांधून राहिला बे? घर आहे का धरमशाळा?"

मग ते स्वतः टालात आले. एकेका लाकडावर बोटांनी ठोकत गेले, माझ्याजवळ थांबले आणि म्हणाले, "हा." बिसाहू मिस्त्रीनं मला रंधा मारला आणि चार बोटं उंच ठेवून चौकटीत बसवलं. त्या दिवशी यशवंतरावांनी मला नारळ फोडला. माझी छाती फुगली नसती तरच नवल!

पुढची अठरा वर्षं मी सुखात काढली. अभिनवची बायको देवश्री रोज सकाळी मला पुसायची, हळदीचा पट्टा ओढायची, त्यावर कुंकवाची बोटं लावायची. त्यांची मुलगी गंधाली रांगत रांगत पहिल्यांदा मला ओलांडून गेली, तेव्हा आजोबांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. दर रविवारी यशवंतराव आणि सुशीलाबाई जेवायला यायचे. यशवंतराव दाराशी थांबत, वाकून दोन बोटं मला लावत, कपाळाला नेत आणि उजवा पाय आत टाकत. सुशीलाबाई मागून म्हणायच्या, "चला आता, वरण थंडं होऊन राहिलं." आठवड्याचे सहा दिवस मी त्या सातव्या दिवसाची वाट बघायचो.

गेल्या मार्गशीर्षात यशवंतरावांना लकवा मारला. जीव वाचला, पण डावा पाय फरफटत राहिला. रविवार येत, जात. ते काही येत नव्हते. अभिनवनं ठरवलं, आता आईबाबांना बूढ़ापाऱ्यात एकटं ठेवायचं नाही. अक्तीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस चांगला, त्या दिवशी दोघांना घरी आणायचं. फोनवर तो म्हणाला, "बाबा, खुर्चीत बसवून आणू तुम्हाले, काही त्रास नाही." फोन स्पीकरवर होता, म्हणून पलीकडचं उत्तर मीही ऐकलं. जीभ जड झाली होती, तरी शब्द स्पष्ट होते. "मले कोणी उचलायचं नाही. पोराच्या घरात मी माह्या पायानं येईन." एवढंच त्यांनी मागितलं होतं.

मग घरात तयारीची एकच धांदल उडाली. अभिनवनं खालची आपली खोली रिकामी केली. बाथरूममध्ये धरायला दांडे लागले, पलंगाशी घंटी लागली. गंधालीनं आपला टेबलफॅन आजोबांना देऊन टाकला. किती मायेनं करत होते सगळे! आणि मग एका संध्याकाळी अभिनव दारात उभा राहून माझ्याकडे बघू लागला. "पाय फरफटतो त्यांचा. इथं अडकून पडतील," तो म्हणाला. देवश्रीचा चेहरा उतरला. "अहो, दाराचा उंबरठा काढतात का कधी? बाबांना तरी विचारा." "विचारलं तर नाहीच म्हणतील. वरून, माझ्यासाठी काढता तर मी येतच नाही, म्हणतील." त्याचंही खोटं नव्हतं. यशवंतराव अगदी तसंच म्हणाले असते.

दुसऱ्या दिवशी बिसाहू आला. आता त्याचेही केस पांढरे झाले होते. मला काढताना, बाबांना विचारलंत का, असं तो आपल्या छत्तीसगढीत एकदाच पुटपुटला, "बबा ला पूछे हव?" अभिनवनं त्याच्या हातात पहार दिली. मला राग आला नाही, मित्रांनो, खरंच सांगतो. यशवंतरावांच्या पायासाठी निघायचं, तर मी हसत निघालो असतो.

अक्तीच्या सकाळी देवश्री दार सजवायला बसली. माझी मोकळी जागा बघवेना तिला. सणाचा दिवस, सासूसासरे राहायला येणार, आणि दाराला हळदकुंकूही नाही? तिनं फरशीवरच, जिथे मी होतो तिथे, माझ्याच रुंदीचा हळदीचा पट्टा ओढला. त्यावर कुंकवाची बोटं लावली, कडेनं रांगोळीची जाड रेघ भरली. दुरून बघितलं तर मीच तिथे पडलोय असं वाटावं.

गाडी आली. यशवंतराव किती वाळले होते! बाहेर ऊन रणरणत होतं, घरात अंधार दिसत होता, आणि त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. अभिनव दंडाला धरून त्यांना पोर्चमधून घेऊन आला. दाराशी येताच ते म्हणाले, "सोड." अभिनवनं हात सोडला. यशवंतरावांनी खाली बघितलं आणि ते चक्क हसले. पाच महिन्यांनी हसत होते. उजवा पाय त्यांनी उंच उचलून आत टाकला. मग काठीचं टोक त्या पिवळ्या पट्ट्याला नीट टेकवलं, तिच्यावर सगळा भार दिला आणि डावा पाय उचलला.

"आजोबा, वहाँ कुछ नहीं है!" गंधाली ओरडली. तोवर काठी रांगोळीवरून सरकून गेली होती. मी तीन हातांवर होतो. मला जागचं हलता आलं नाही.

पडून यशवंतरावांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टर म्हणाले, आता चालणं कठीण आहे. दवाखान्यातून एक दिवस घरी आलेल्या सुशीलाबाई पोर्चमध्ये, माझ्याजवळच बसल्या आणि देवश्रीला सांगू लागल्या. "अवं, पाच महिने हे रोज पाट आडवा लावून ओलांडून राहिले होते. काठी पाटाले टेकवायची, मग पाय उचलायचा. दहादा पडले असतील. म्हणत, पोराचा उंबरठा चार बोटं आहे, तेवढा पाय उठलाच पाहिजे. मले सांगितलं, अभिनवले बोलू नको, त्याले दाखवायचं आहे." देवश्री तिथेच खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. सुशीलाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आता यशवंतराव चाकांच्या खुर्चीतून आतबाहेर होतात. भेटायला येणारे म्हणतात, "बरं झालं बाई उंबरठा काढला, खुर्ची कशी सर्रकन जाते." देवश्री पाणी आणायच्या निमित्तानं आत निघून जाते. महिन्याभरानं अभिनव बिसाहूला घेऊन आला. "बाबा, उंबरठा परत लावून देतो," म्हणाला. यशवंतरावांनी माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीच्या चाकाकडे. "आता काहून?" ते म्हणाले. "आता खरंच अडचण होईल ना त्याची." अभिनवनं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. ते आपला धड असलेला उजवा हात त्याच्या केसांतून फिरवत राहिले.

मित्रांनो, या घरात कुणी वाईट नाही. मला काढणाराही नाही, हळद ओढणारीही नाही. माझी एवढीच विनंती आहे. घरात म्हातारं माणूस राहायला येणार असेल, तर दांडे लावा, घंटी लावा, हवं ते करा; पण आधी त्याच्याजवळ बसून विचारा, तुम्हाला कसं यायचं आहे? अभिनवजवळ विचारायला पाच महिने होते. रोज फोन होत होता.