आवाज माझा, नाव त्यांचं

मी ॲम्प्लिफायर बोलतोय. रोह्याजवळच्या अष्टमी गावातले शेजारी मला 'मुरादचा डबा' म्हणतात. इलेक्ट्रिक गिटारची वायर माझ्यात खोचली की तिचा किडकिडीत आवाज मी भिंती हादरतील एवढा मोठा करतो. कौतुक मात्र गिटारचं होतं, वाजवणाऱ्याचं होतं. माझं नाव आजवर कुणी घेतलं नाही. हे मला पहिल्यापासून खुपत आलंय.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. जाग आली ती मस्कतच्या एका दुकानात. मला विकत घेणारा मुराद तेव्हा मस्कतमध्ये एसी बसवायच्या कामावर होता. सुट्टीच्या दिवशी खोलीतले बाकीचे झोपा काढायचे आणि हा कानात हेवी मेटल घालून बसायचा. ऐकून ऐकून, बघून बघून शिकला. सहा वर्षांनी गावी परतला तेव्हा लाल गिटार त्याच्याबरोबर विमानातून आली. मी महिन्याभराने आलो, कार्गोच्या खोक्यात, दोन ब्लँकेटं आणि खजुराच्या पाकिटांच्या मधे दाबून.

आता तो रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. घरी आला की हात धुऊन गिटार मांडीवर घेतो. तिला मऊ फडक्याने पुसतो. माझ्यावर चहाचा कप ठेवतो. त्या लाल बाईचा मला किती राग यायचा, काय सांगू.

मुरादची सगळी ताकद उजव्या हातात होती. तळव्याची कड तारांवर दाबून धरायची आणि वरून सपासप वाजवायचं. प्रत्येक सूर आखूड, कोरडा, एकाच मापाचा. दगडी पाटीवर हातोडी पडत राहावी तसा. माझी बटणंही त्याने तशीच लावलेली. गेन, म्हणजे आवाज फाटेस्तोवर चढवायचं बटण, आठवर, मिडल तीनवर. मधला आवाज काढून टाकायचा, म्हणजे खालची घरघर आणि वरची धार तेवढी उरते.

एकदा मी गुरगुरायला लागलो म्हणून त्याने मला पेणला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. तिथे गोरख बसला होता. कासूजवळच्या कातकरी वाडीतला, जोहे गावच्या कारखान्यात गणपती रंगवणारा. नखांत सोनेरी रंग तसाच. त्याच्या जुन्या गिटारची वायर निघाली होती. दोघांनी एकमेकांच्या वस्तू पाहिल्या आणि तास कसा गेला ते त्यांना कळलं नाही. पुढच्या रविवारपासून गोरख कासूहून गाडी पकडून अष्टमीला यायला लागला.

पहिल्याच दिवशी त्याने विचारून माझी बटणं फिरवली. गेन पाचवर, मिडल सातवर. मग एक तार बोटाने वर ओढली आणि तिथेच धरली. सूर चढत गेला, वर जाऊन थरथरला, आणि माझ्या छातीतून असा काही बाहेर पडला की मलाच माझी ओळख पटेना. वेग मुरादच्या निम्मा. पण मूर्तीच्या डोळ्याची रेघ ओढणाऱ्याचा हात तो. एकदा टेकला की न कापता शेवटपर्यंत जायचा.

मुरादची बायको अजरा स्वयंपाकघरात असायची. तिला या संगीतातलं ओ की ठो कळत नाही, असं तीच म्हणायची. तरी पाठमोरी राहून ती बरोबर ओळखायची, आता हे वाजवतायत, आता गोरख. दोघं मुद्दाम गिटारी बदलून तिला फसवायला बघत. ती एकदाही चुकली नाही. मला वाटायचं, दोन्ही आवाज माझेच तर आहेत. हिला एवढं साधं कसं कळत नाही?

गोरख निघून गेला की मुराद माझी बटणं परत आपल्या जागी आणायचा. एका रविवारी त्याने ती आणली नाहीत. सोमवारी शिफ्टवरून आला, दार लोटलं, आणि मिडल सातवर ठेवूनच तार वर ओढायला बसला. मी ओळखलं. माझ्या घरात जळणारा मी एकटा नव्हतो.

त्याचं डावं बोट सोलून निघालं, पण सूर काही थरथरेना, नुसता हेलपाटायचा. अजराने दारातून डोकावून सांगितलं, "हा तुमचा हात नाय. गोरख वाटतो, पण पडसं झालेला." मुराद तिच्याशी दोन दिवस बोलला नाही. इकडे गोरखही रविवारी कमी वाजवून मुरादच्या उजव्या मनगटाकडे टक लावून बसायला लागला. मला ते दिसत होतं. सांगणार कसा?

मग पेणच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. दुपारची वेळ, शंभरेक माणसं. मुरादने त्याचे आखूड, कोरडे सूर सोडून दिले आणि तार ओढत बसला. गोरखने तार ओढायची सोडून सपासप वाजवायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीतच घसरला. माणसं मोबाइल बघायला लागली. खरं सांगतो, मला त्या वेळी आनंद झाला. म्हटलं, आता कळू दे यांना.

कळलं काय, तर ॲम्पचा आवाज खराब. आधी मुराद तसं म्हणाला, गोरखने मान हलवली. मग बाहेर टेम्पोजवळ मुराद म्हणाला की माझी बटणं कुणीतरी बिघडवून ठेवली. कुणीतरी म्हणजे कोण, हे न कळण्याइतका गोरख खुळा नव्हता. तो टेम्पोत बसला नाही. आपली गिटार खांद्याला लावून चालायला लागला.

त्यानंतरचे रविवार रिकामे गेले. माझ्यावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत आली. लाल गिटार कपाटावर चढली. मुराद शिफ्टवरून आला की टीव्हीसमोर बसायचा. तिच्यावर धूळ बसते हे बघून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

वर्ष सरत आलं आणि मुराद-अजराला मुलगी झाली. जिकरा. अजराने मुरादला न विचारता गोरखला फोन केला. तो आला, बाळाच्या हातात पैसे बांधलेली कागदाची पुडी ठेवली, आणि जायला उठला. मग दारातच थांबला.

"मुरादभाई, सहा महिने मी तुमचा उजवा हात चोरत व्हतो," तो म्हणाला. "नाय जमला."

मुरादने बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाला, "मी तुझं बोट चोरत होतो. बटणं मीच फिरवली होती. तुझ्यासारखी."

अजरा चहा ठेवायला आत गेली. मुराद खुर्चीवर चढला आणि त्याने गिटार खाली काढली.

मी वाट बघत राहिलो. माझ्यावरचे कपडे मात्र कुणी उचलले नाहीत. जिकरा झोपली होती. तिची झोप मोडू नये म्हणून आणून ठेवलेली एक छोटी डबी मुरादने कपाटातून काढली, गिटारला खोचली, मोबाइलशी जोडली, एकेक हेडफोन दोघांनी कानाला लावला. काडेपेटीएवढी ती डबी म्हणे माझंच काम करते. गिटारचा हेवा करत मी वर्षं काढली, आणि मला जागेवरून उठवलं ते कुणी, तर या डबीने.

आता रविवारी दोघं असेच वाजवतात. मला ऐकू येते ती नुसत्या तारांची खरखर, डासाएवढी. तरी मला पहिल्या झटक्यात कळतं, हा मुराद, हा गोरख. अजराला कळायचं तसंच. ना माझं गेन त्यात, ना माझं मिडल. म्हणजे ते आवाज माझे कधी नव्हतेच. बोटांचे होते.

हे पचवायला मला फार जड गेलं. पण पोरगी कधीतरी मोठी होईल, तिची झोप एवढी नाजूक राहणार नाही. तेव्हा हे कपडे उचला आणि माझी वायर एकदा प्लगात घाला. बटणं कुठेही ठेवा. तुमचा आवाज तुमचाच म्हणून बाहेर सोडीन. मधे बोलणार नाही.