यानाच्या पाठीमागची हवा

काडीच्या टोकावरचा तो निळसर ठिपका – पिवळी ज्योत धरण्याआधीचा, क्षणभराचा – हेमांगी त्याच्याकडेच बघत राहिली, आणि नवऱ्याला कुठल्या बाजूने पेटवायचं हे सांगायचं राहूनच गेलं. कल्पेशने पश्चिमेच्या कडेला काडी लावली. समुद्रावरचा वारा पाठीशी होता. भाताच्या रोपांसाठी तिच्या माहेरच्या, गास गावातल्या त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, पेंढा अंथरून केलेला राब भसाभस पेटला आणि बघता बघता जाळ मधल्या बांधापर्यंत पोचलासुद्धा. कल्पेश खूश. साताऱ्याकडचा माणूस, माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये राहणारा. सासऱ्यांची कंबर धरलीय म्हणून हौसेने पुढे झालेला. त्याला काय बोलणार, कपाळ?

तिचे वडील हरेश्वर कंबरेवर हात देऊन वाकले, राखेत बोट खुपसून म्हणाले, "कल्पेशराव, आग धावली. जमीन कच्चीच रायली." मग त्यांनी जावयाला न दुखवता समजावलं, की राब नेहमी वाऱ्याच्या उलट पेटवायचा, जाळ वाऱ्याशी झगडत कासवासारखा सरकला पाहिजे, तरच माती भाजते नि तणाचं बी मरतं.

हेमांगीनेही हात घातला. वर राख चटका देणारी, आणि बोटभर खाली… गार. अगदी सकाळची माती.

संध्याकाळी ऑफिसातून तिच्या वरिष्ठांचा, ऑगस्टीनसरांचा फोन येणार होता. गेले काही दिवस त्या फोनच्या धास्तीने तिला जेवण गोड लागत नव्हतं. अंतराळातून परतणाऱ्या यानाभोवतीची हवा, हे तिचं काम. आणि बाई गं, काय ती हवा! लोकांना वाटतं, यान घासून तापतं. छे, हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही, ती यानापुढे चेंगरते, चेंगरून तापते, इतकी, की नायट्रोजन-ऑक्सिजनच्या जन्माच्या जोड्या फुटतात, सुटे अणू आपले इलेक्ट्रॉनही टाकून देतात, आणि तो सगळा फुटका, विस्कटलेला वायू प्रकाशायला लागतो… तो प्रकाशही मग न शिवता यानाची भिंत भाजतो. कॉलेजात पहिल्यांदा हे समजलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. अजूनही येतो. कल्पेश त्या वायूला आपली सवत म्हणतो, म्हणू दे.

पुढची बाजू नीट होती. तिथे जाड कवच. प्रश्न पाठीचा. पाठीला पातळ आवरण, आणि आवरणाच्या आत माणसं बसणार – हाडामांसाची, घरी कुणीतरी वाट बघत असलेली. पाठीवर किती प्रकाश पडतो, तो तिचा आकडा कायम धरायचा का, एवढंच सर विचारणार होते. हो म्हटलं की आवरण आहे तसंच राहणार. नाही म्हटलं की सगळं गणित मुळापासून, सगळ्यांचा खोळंबा, आणि नाव कुणाचं? हेमांगीचं.

मी धरलं काय होतं? की यानाच्या खांद्यावरून मागे गेला की वायू पसरतो, निवतो, फुटलेल्या जोड्या लगेच जुळतात, आणि उजेड विझतो. सुरुवातीला सगळे असंच धरतात, गणित आटोक्यात राहतं. लगेच… पण जुळायलाही वेळ लागतोच की! त्या वेगात एका अणूला दुसरा भेटायचा कधी? राब आणि यान यांचा तसा बादरायणसंबंध, हे तिला कळत होतं. गार मातीने काही सिद्ध होत नाही. पण बोटं अजून तिथेच होती, राखेखाली, जिथे डोळ्यांना सगळं उरकलेलं दिसत होतं आणि आत काहीच झालेलं नव्हतं – वेळच मिळाला नव्हता. मागे जाणारा वायू तसाच फुटका, तसाच पेटलेला राहत असेल तर? आपण जिथे अंधार धरला तिथे उजेड असेल तर?

बाबांनी बांधापलीकडची पट्टी पूर्वेकडून पेटवली. जाळ कुरकुरत वाऱ्यावर चढू लागला. फोन वाजला तेव्हा ऊन कलत होतं.

"सर, तो आकडा कायम धरू नका. मागचा वायू विझतो असं मी धरलंय. पण त्याला विझायला वेळ मिळतो का, हे मी तपासलेलं नाही."

"मग खरा आकडा काय असेल?"

"माहीत नाही."

उद्या सगळ्यांसमोर हेच सांगावं लागेल, सर म्हणाले. आवाजात राग होता की काळजी, तिला कळलं नाही. ज्या दोन शब्दांची तिला इतकी भीती होती, ते तोंडातून गेले होते, आणि लाज वाटत नव्हती. उद्या बोलणी बसतील, बसू देत. इतकी वर्षं ज्याला ओळखते म्हणून मिरवत होते, तो वायू अजून अनोळखीच आहे… पहिल्या दिवशी होता तितकाच. खरी ओळख आता कुठे सुरू व्हायची होती. आणि का कोण जाणे, तिला मनापासून आनंद झाला, एखाद्या थोर माणसाने आपल्याला नुकतंच घरात घ्यावं तसा.