पाठीवरचा हात

चाकणच्या नाक्यावर, चिंचेखाली, सावळारामचं मोटारी दुरुस्त करायचं छप्पर होतं आणि त्या छपरात एक गोणपाटाचा पडदा होता. बाकी सगळं काम तो उघड्यावर करी. पण कार्बोरेटर लावायचा, म्हणजे पेट्रोल नि हवा जुळवायची वेळ आली, की गाडीचं तोंड पडद्याआड घ्यायचा नि बायकोला हाक मारायचा. लोकांना वाटे, ती पाने द्यायला जाते, आणि हा बहिरा आत काहीतरी मंतर घालतो. मंतर कसला डोंबलाचा! टायफॉइडच्या तापात सावळारामचे कान गेले, तेव्हापासून इंजिन ऐकायची ती तानाबाई. आवाज कळल्याशिवाय तो स्क्रू बसत नाही. हात लावून बघावं, तर जुनी गाडी सगळीच थरथरते.

म्हणून दोघांनी आपली रीत बसवली होती. तो स्क्रू फिरवायचं डिसमिस घेऊन इंजिनावर वाकायचा, ती मागं उभी राहून त्याच्या पाठीवर तळवा टेकायची. तळवा वर सरकला की स्क्रू उघडायचा, खाली सरकला की आवळायचा, हात उचलला की बस्स. आता चारचौघांत नवऱ्याच्या अंगाला हात लावणारी बाई तेव्हा चाकणात कुणी पाहिली होती? तेवढ्यासाठी तो पडदा.

शनिवारी, ऐन बाजारात, तानाबाईचा थोरला दीर चिमाजी आला तो उद्धवराव अडत्याला आणि त्याच्या लॉरीला घेऊनच. कांद्याची लॉरी काळा धूर ओकत उभी राहिली.

"उद्धवराव छप्पर घ्याया तयार हायेत," चिमाजी तानाबाईला म्हणाला. "पिंपरीला कारखाना निघालाय. सावळ्याला तिथं झाडलोटीला लावून देतो." त्यानं भावाला हातानं केर काढायची खूण करून दाखवली. "बहिरा मिस्त्री कुनी ऐकलाय का? एक दिस कुनाचं तरी इंजिन मारंल नि घराण्याचं नाव घालवंल."

तानाबाई पदराआडून म्हणाली, "ही लॉरी लावून दावत्यात की कारभारी."

"दावू दे! पर चार मानसांदेखत," असं म्हणून चिमाजीनं गोणपाट फर्रकन ओढून खाली टाकलं.

सावळाराम पडलेल्या पडद्याकडं बघतच राहिला. मग त्यानं बायकोकडं बघितलं. सगळा बाजार जमला होता, पुढं थोरला दीर उभा. सावळारामनं हातातलं डिसमिस खाली ठेवलं.

"ऱ्हाऊ दे गं," तो म्हणाला. "जातो म्या झाडलोटीला."

स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नसे. त्यामुळं त्याला हळू बोलायचं होतं ते पार पलीकडच्या मिरचीवाल्यांपर्यंत गेलं, आणि दोघंतिघं फिदीफिदी हसले.

त्या हसण्यानं तानाबाईचं डोकं फिरलं. झाडलोट! मोडीतल्या गाड्यांत जीव घालणारे हात, आणि त्यात केरसुणी? का, तर हिची अब्रू झाकली राहावी म्हणून? मेली असली अब्रू! तिनं पदर कमरेला खोचला, डिसमिस उचलून नवऱ्याच्या हातात दिलं आणि सरळ त्याच्या पाठीवर हात टेकला.

"अगं बया!" भाजीवाली ठकुबाई ओरडली. तानाबाईनं मान वळवली नाही. सावळारामची पाठ अवघडून ताठ झाली होती. तिनं तळवा जरा दाबला, तेव्हा कुठं तो खाली वाकला.

इंजिन चुलीतल्या ओल्या लाकडागत धुमसत होतं. पेट्रोल जास्त. तळवा खाली सरकला, सावळारामनं स्क्रू आवळला. धूर कमी झाला. अजून खाली. तोच इंजिनानं फाटकन शिंक दिली आणि बंद पडतंय की काय असं झालं. जास्तच आवळलं गेलं होतं! चिमाजी हसला. तानाबाईनं डोळे मिटले, तळवा वर घेतला, सावकाश, आणखी जरासा. हळूहळू इंजिन एकसुरी बोलायला लागलं. धूर दिसेनासा झाला. तिनं हात उचलला.

उद्धवराव इंजिनाला कान देऊन उभा राहिला, मग लगबगीनं लॉरीत चढला. "पुण्याला उशीर व्हतोय, चिमाजी. छपराचं मागनं बघू," म्हणाला आणि गेला.

चिमाजीचा असा भडका उडाला! "लाज सोडलीस! दीर म्होरं उभा, नि भर बाजारात नवऱ्याच्या अंगाला झोंबतीस? उद्यापास्नं ह्या छपरात कोन गाडी आनतंय तेच बघतो. बंद कर हे दुकान!"

सावळारामला दिसत होता तो नुसता भावाचा हलणारा मिशांचा झुबका. "काय म्हनतोय गं दादा?" त्यानं मोठ्यानं विचारलं.

तानाबाईनं खाली पडलेलं गोणपाट उचललं, घडी घातली आणि नवऱ्याच्या पायाखाली अंथरलं. मग त्याला ओठ नीट दिसावेत म्हणून समोर उभी राहिली, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "भावजी म्हनत्यात, म्होरली गाडी लावा!"

चिमाजीनं तोंड उघडलं. पण बहिऱ्या भावाला सांगणार काय आणि कसं?

चिंचेच्या पलीकडं दापोडीचा फारूक आपल्या खटारा टॅक्सीला टेकून हे सगळं बघत होता. त्यानं ब्रेक सोडला नि गाडी ढकलत छपरापुढं आणली.

"लावा, मिस्त्री," तो म्हणाला, आणि तानाबाईला मागं उभं राहायला जागा करून दिली.