तळावरची काळी रेघ

विद्यापीठाच्या जलतरण तलावाच्या तळाला किती फरश्या फुटलेल्या आहेत, हे कुणी विचारलंच असतं तर क्रीडा विभागाला फाइल शोधावी लागली असती. तानाबाईला तोंडपाठ होतं. सतरा. त्यातल्या चार एकट्या पाचव्या लेनमध्ये, आणि त्यांतली एक तर अगदी काळ्या रेघेवर. प्रत्येक लेनच्या मधोमध तळाला अशी एक काळी रेघ होती, या काठापासून त्या काठापर्यंत, पन्नास मीटर. दरवर्षी मे महिन्यात पाणी सोडलं की तानाबाई पदर खोचून तळात उतरायची आणि त्या आठही रेघा गुडघ्यांवर बसून ब्रशनं घासायची. अकरा वर्षं घासत होती. पाणी भरलं की मात्र तिचा आणि तलावाचा संबंध संपला. 'फक्त विद्यार्थी व शिक्षकांसाठी' असा बोर्ड दारातच होता आणि तो पुसायचं कामही तिच्याकडंच होतं.

आता गंमत अशी, की त्या तलावात रोज जेवढे लोक हातपाय मारायचे त्या सगळ्यांपेक्षा जास्त पाणी तानाबाईनं एकटीनं कापलेलं होतं. तिचं माहेर नृसिंहवाडीच्या पलीकडं, नदीच्या अगदी काठाला. म्हशीची शेपटी धरून ती पोहायला शिकली आणि दहाव्या वर्षी शेपटीशिवाय पलीकडं जायला लागली, कारण चिमणाबाई आत्याचं घर पलीकडं होतं आणि आत्या पुरणपोळ्या झकास करायची. एकोणिसाव्या वर्षी भर पुरातून तिनं दोन माणसं ओढून काढली. विसाव्या वर्षी लग्न झालं आणि ती हातकणंगल्यात आली, तिथं पाणी म्हणजे विहिरीतलं, पोहऱ्यानं वर येणारं. पुढं नवरा सयाजी दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर झाला, बिऱ्हाड कोल्हापुरात उजळाईवाडीला आलं, आणि नदी राहिली ती राहिलीच. बत्तीस वर्षं तानाबाई पाण्यात उतरली नव्हती. याचं तिला दुःख होतं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण बावन्न वर्षांच्या बाईनं असलं दुःख सांगायचं तरी कुणाला?

तलावावर सकाळी सहा ते सात बायकांचा तास असायचा. चाळीसेक पोरी यायच्या, बहुतेक हॉस्टेलच्या, खेड्यापाड्यांतून आलेल्या. फक्त बायका असतात म्हणून घरच्यांनी परवानगी दिलेल्या. आणि एके दिवशी दारावर नोटीस लागली. महिला जीवरक्षक नोकरी सोडून पुण्याला गेल्या आहेत; एक तारखेपर्यंत नवीन महिला जीवरक्षक न मिळाल्यास महिलांचा तास बंद करण्यात येईल.

नोटीस लावली होती गुरुप्रसाद सरांनी. ते तलावाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण नियमाबाहेर पाऊल पडलं तर पायाला फोड येतील अशी त्यांची पक्की समजूत होती.

ती नोटीस वाचून अवंतिका बाकावर मटकन बसली. अवंतिका दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, घर कुरुंदवाडला. मोठा पूर आला त्या वर्षी ती शाळेत होती आणि घरच्यांबरोबर तीन दिवस गच्चीवर अडकली होती. बोटीत चढताना तिच्या डोळ्यांदेखत आजीचा पाय घसरला. आजीला लोकांनी धरलं, वाचवलं. पण अवंतिका दोन हातांच्या अंतरावर उभी असून तिला हात पुढं करता आला नव्हता. तेव्हापासून पाणी बघितलं की ती दोन पावलं मागं सरायची. गेले चार महिने ती रोज सकाळी त्या भीतीशी भांडत होती आणि आता कुठं पंधरा मीटरपर्यंत आली होती.

"मावशी, बाबांनी याच तासावर सोडलंय मला," ती तानाबाईला म्हणाली. "तास बंद, म्हणजे माझं पोहणं पण बंद."

तानाबाई फरशी पुसत होती. तिनं पुसणं थांबवलं.

"बाईच पायजे न्हवं? मग मला पवायला येतं की."

अवंतिकाला ती चेष्टा वाटली. गुरुप्रसाद सरांना तर तीही वाटली नाही.

"तानाबाई, हे नदीत डुंबण्याचं काम नाही," ते चष्म्यावरून बघत म्हणाले.

डुंबणं! तानाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पुरातून माणसं काढलेल्या बाईला हा गडी डुंबणं म्हणतो?

"परीक्षा घ्या की सर. न्हाय जमलं तर खराटा हाय माझा, कुटं जात न्हाय."

गुरुप्रसाद सरांनी अख्खा दिवस नियमांचं पुस्तक चाळलं. सफाई करणाऱ्या बाईनं जीवरक्षकाची परीक्षा देऊ नये, असा नियम काही सापडला नाही. मग त्यांचा नाइलाज झाला.

परीक्षा घ्यायला जलतरण संघटनेचे अमरसिंह सर आले. एके काळचे चॅम्पियन. आता पोट पुढं आणि टक्कल वर. तानाबाईनं अवंतिकाच्या मैत्रिणीचा, हातपाय झाकणारा पोहण्याचा पोशाख घातला होता आणि लाजेनं ती अर्धी झाली होती. पाचव्या लेनमधून चार फेऱ्या मारायच्या होत्या. शिट्टी झाली, तानाबाई पाण्यात शिरली, आणि लाज काठावरच राहिली.

काय सांगावं! बत्तीस वर्षांनी पाणी अंगाला लागलं आणि अंगाला सगळं आठवलं. डोकं वर, नजर पलीकडच्या काठावर, हात सपासप. पोरी ओरडत होत्या. तिला वाटलं, आपल्यालाच ओरडतायत, जोर लावायला सांगतायत. मध्ये लेन वेगळ्या करणारे दोर आडवे आले, ते तिनं वाटेतल्या वेलीसारखे बाजूला सारले. हात भिंतीला लागला तेव्हा ती हसत होती.

काठावरही सगळे हसत होते.

"बाई, निघाला होता कुठं?" पोट धरून अमरसिंह सरांनी विचारलं.

"समोर की."

"समोर? पाचव्या लेनमधून निघून पहिल्या लेनच्या कोपऱ्यात आलाय तुम्ही! चार दोर ओलांडलेत!"

तानाबाईनं मागं बघितलं, पुढं बघितलं आणि तिच्या ध्यानात आलं. नदीत समोरच्या घाटाला लागायचं असेल तर घाटाकडं तोंड करून कुणी पोहत नाही. धार खाली ओढते, म्हणून आधीच वरच्या अंगाला तिरकं धरायचं. धार ओढत ओढत बरोबर घाटाला आणून सोडते. नदीकाठच्या पोराला हे शिकवावं लागत नाही. पण इथं धार होतीच कुठं?

"ह्ये पाणी जाईना की वं कुठंच!" ती न राहवून बोलली आणि हशा दुप्पट झाला.

अमरसिंह सरांनी कागदावर 'नापास' लिहिलं. नियमाप्रमाणे एक संधी आणखी होती, आठ दिवसांनी, एक तारखेला सकाळी. तेव्हाही जमलं नाही तर नोटिशीतला मजकूर खरा होणार होता.

त्या संध्याकाळी तानाबाईनं भाकरी थापली ती तीनदा मोडली. सयाजीनं सगळं ऐकून घेतलं. चहाची बशी खाली ठेवली.

"बत्तीस वर्सं माझ्या संसारात सरळ चाललीस," तो म्हणाला, "आन् पन्नास मीटर पाण्यात जमंना व्हय तुला? जा उद्या परत. डबा मी करतो."

सयाजीनं डबा करणं हीच मोठी बातमी होती. तानाबाईला दिवसभरात पहिल्यांदा हसू आलं.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. उमेदवाराला सरावाची मुभा असते, हा नियम गुरुप्रसाद सरांनी स्वतःहून शोधून काढला आणि कागदावर सही करून दिला. शिकवायला होती अवंतिका, जिला स्वतःला पंधरा मीटरच्या पुढं जाता येत नव्हतं. पण कसं पोहावं हे तिनं चार महिने कान देऊन ऐकलं होतं.

"मावशी, तोंड पाण्यात घाला. खाली बघून पोहायचं."

"खाली काय बगायचं? गढूळ पाण्यात काय दिसतंय व्हय? नदीत नजर काठावर ठिवायची, न्हायतर माणूस चुकतंय."

"ही नदी नाही. इथं दिसतं. बघा तरी."

तानाबाईनं गॉगल चढवला, कुरकुरत तोंड पाण्यात घातलं आणि तिथंच थबकली.

खाली रेघ होती. तिची रेघ. निळ्या पाण्याखाली काळीभोर, लख्ख, सरळ. ही इथं टवका उडालेली फरशी, इथंच दरवर्षी ब्रश अडकायचा. हा पांढऱ्या सिमेंटचा ठिपका, तो तिनंच बोटानं भरलेला. अकरा वर्षं ती या रेघेवरून गुडघ्यांवर रांगली होती आणि आज तिच्यावरून तरंगत होती. तानाबाईला एकदम भरून आलं. पाण्यात तोंड असताना भरून येणं काही बरं नव्हे. नाकातोंडात पाणी गेलं आणि ती खोकत वर आली.

"काय झालं मावशी?"

"काय न्हाय. वळखीचं भेटलं."

पहिले दोन दिवस तिरकं जायची सवय सुटेना. खांदा आपोआप वरच्या अंगाला वळायचा. तिसऱ्या दिवशी ती दोराला एकदाच लागली. पाचव्या दिवशी रेघ सोडली नाही. बदल्यात तिनं अवंतिकाला एकच गोष्ट शिकवली. "पाण्याशी भांडू नगंस, बाळ. उशीवर मान टाकतीस का न्हाय, तशी टाक. ते धरतंय तुला." अवंतिका तीस मीटरवर गेली. पुढं खोल पाणी सुरू व्हायचं. तिथून ती रोज परत फिरायची.

एक तारखेला काठावर ही गर्दी. चाळीस पोरी तर होत्याच. शिवाय कँटीनची माणसं, बागेतल्या बायका, दोन वॉचमन, आणि दुधाची गाडी बाहेर उभी करून आलेला सयाजी. सफाईची बाई परीक्षा देते म्हटल्यावर सगळ्या कॅम्पसला जणू स्वतःचीच परीक्षा वाटत होती.

शिट्टी झाली. तानाबाईनं तोंड पाण्यात घातलं आणि रेघ धरली. एक फेरी. दोन. तीन. चार. दोराला तिचा साधा धक्का लागला नाही. चौथ्या फेरीला हात भिंतीला लागला तेव्हा वॉचमननं एवढी जोरात शिट्टी घातली की शेजारच्या झाडावरचे बगळे उडाले.

मग बुडणाऱ्याला वाचवायची परीक्षा. रबराचा पुतळा पाण्यात टाकला होता, तो तानाबाईनं रिकामा डबा ओढावा तसा आणून दिला. अमरसिंह सरांना काही ते पटलं नाही.

"पुतळा कुणीही ओढंल," ते म्हणाले. "खरा बुडणारा मिठी मारतो. बघू तेव्हा काय करताय." आणि त्यांनी स्वतःच खोल पाण्यात उडी टाकली.

नव्वद किलोचा माणूस हातपाय झाडत ओरडायला लागला. तानाबाई जवळ गेली मात्र, त्यांनी दोन्ही हातांनी तिच्या गळ्याला करकचून मिठी मारली. पोरी किंचाळल्या.

"हे नियमात नाही!" गुरुप्रसाद सर ओरडले. नियमासाठी ते नेहमीच ओरडायचे. माणसासाठी नियमाचं नाव घेऊन ओरडण्याची ही पहिलीच वेळ.

तानाबाई वर यायला धडपडली नाही. ती खाली गेली. अमरसिंह सरांना घेऊन, सरळ खाली. बुडणाऱ्याला वर यायचं असतं; त्याला खाली न्यायला लागलं की मिठी आपोआप सुटते. हे तिला चिमणाबाई आत्यानं सांगितलं होतं आणि पुरानं पटवलं होतं. पाण्यावर नुसते बुडबुडे येत होते. सयाजी काठावर पुढं झाला. त्याला पोहायला येत नव्हतं, तरी तो चपला काढत होता.

आणि मिठी सुटली. अमरसिंह सर वर आले ते खरोखरचे घाबरून, ठसका लागून, भलतीकडंच हात मारत. तानाबाई त्यांच्या पाठीमागून वर आली. केस धरावेत तर टक्कल. मग तिनं हनुवटीखाली तळवा घातला, त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं आणि उताणी होऊन निघाली. आता नजरेसमोर नुसतं आभाळ होतं. काठही नाही, रेघही नाही. तरी ती तसूभर तिरकी गेली नाही.

काठावर येऊन अमरसिंह सर बराच वेळ खोकले.

"मी..." ते म्हणाले, "मी खरंच बुडत होतो, बाई."

"मला कळलं की," तानाबाई म्हणाली. "म्हणून तर काढलं."

"पास!" अमरसिंह सर ओरडले, आणि मग जो गलका झाला तो लायब्ररीपर्यंत ऐकू गेला असेल. पोरींनी तानाबाईला उचललं. सयाजी एका हातात चप्पल घेऊन, "माझी बायको हाय ती! माझी बायको!" असं सगळ्यांना सांगत सुटला, जसं काही कुणी नाही म्हणत होतं. गुरुप्रसाद सरांनी दारावरची नोटीस स्वतःच्या हातानं काढली. दुपारी पेंटर बोलावून त्यांनी जुन्या बोर्डावर 'व कर्मचाऱ्यांसाठी' एवढे शब्द वाढवून घेतले. त्यासाठी नियम सापडला का, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता तानाबाई उंच खुर्चीवर बसली होती. अंगात पिवळा टी-शर्ट, गळ्यात शिट्टी. खाली पाचव्या लेनमध्ये अवंतिका उतरली. दहा मीटर. वीस. तीस मीटरवर ती रोजच्यासारखी थांबली. पुढं खोल पाणी होतं. तिनं मान वर काढली आणि खुर्चीकडं बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

तानाबाई खुर्चीत उभी राहिली.

"माझ्याकडं नगं! खाली बघ! मी घासलीया ती रेघ, कुटं न्हेत न्हाय तुला भलतीकडं! जा!"

अवंतिकानं तोंड पाण्यात घातलं. एक हात पडला, मग दुसरा. पस्तीस. चाळीस. तिचे हात वेडेवाकडे पडत होते, पाय नुसते पाणी उडवत होते, पण ती रेघेवरून ढळली नाही. पंचेचाळीस. आणि तिनं भिंतीला हात लावला. त्या पुरात पुढं करता न आलेला हात तिनं असा गच्च लावला, की क्षणभर तो तिला सोडवेना. मग ती भिंतीला गाल टेकून मोठ्यानं रडायला लागली आणि रडतारडताच हसायला लागली.

नियमाप्रमाणे जीवरक्षकानं शिट्टी फक्त धोक्याच्या वेळी वाजवायची असते. तानाबाईनं ती तोंडात धरली, गाल फुगवले आणि छातीतला दम संपेपर्यंत वाजवली.