मार्तंडरावांच्या अंगातला घोडा

आजारी माणसाला भेटायला जाताना लोक हातात हरभरे घेऊन निघाले होते आणि अख्ख्या इतवारी पेठेत याचं कुणालाच काही वाटत नव्हतं!

आजारी होते आमचे शेजारी मार्तंडराव, कमिशनर कचेरीतले कारकून. मूत्रपिंडाचं दुखणं जुनंच. पण हल्ली बसल्या जागी खोल, भराभर श्वास चालायचा. ना खोकला, ना ताप. रगतबाबा नावाच्या बुवानं निदान केलं, की यांच्या अंगात घोडा शिरलाय. भोसल्यांच्या फौजेतला, शुक्रवारी नावाच्या तलावाकाठी मेलेला. तो अजून धावतोय, म्हणून यांना धाप!

"तांबडा का अबलख, महाराज?" किराणावाल्या भैयाजीनं हात जोडून विचारलं. हा मी शाळेत शिकवलेला, माझाच विद्यार्थी. मी कपाळावर हात मारला.

"अबलख! और भूखा है! चने खिलाओ!"

"मले भूक नाही गा," मार्तंडराव कसंबसं म्हणाले. पण घोड्याच्या भुकेपुढं त्यांचं कोण ऐकतो? चार दाणे तोंडात कोंबलेच.

मग बाबानं हळदीत रंगवलेलं फडकं त्यांच्या छातीवर पसरलं आणि कमंडलूतलं पाणी शिंपडलं. फडकं लालभडक! "देखो, घोडे का खून!" वर लिंबू पिळलं, फडकं पुन्हा पिवळं. "जखम भरली!" जयजयकारानं कौलं हादरली.

तेवढ्यात डॉक्टर मधुसूदन आले. नाडी पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, मी दिलेल्या पुड्या कुठं आहेत?"

मार्तंडरावांची बायको रुख्मिणी चाचरली. "बाबांनी मागून घेतल्या. विलायती राख हाये म्हणे, घोडा बुजते. त्याईनं कमंडलूत टाकल्या."

डॉक्टर आधी हसले, मग भयंकर संतापले. त्यांनी बॅगेतून तसलीच पुडी काढली, पेल्यात विरघळवली आणि हळदीच्या दुसऱ्या फडक्यावर ओतली. तेही लाल.

"आता हे कोणाचं रगत? भैयाजी, धोतरावर वरणाचा डाग पडला अन् साबण लावला, त काय होते?"

"लाल होते."

"मग दर धुण्याले घोडा मरते काय गा?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. बायका तर लहानपणापासून असे डाग धूत आल्या होत्या.

"पुडीत खायचा सोडा आहे," डॉक्टर म्हणाले. "हळदीला साबण-सोड्यासारखा खार लागला की ती लाल होते, आंबट लागलं की पिवळी. यांच्या रक्तात आम्ल साचलंय. धडधाकट मूत्रपिंड ते बाहेर टाकतं, यांचं थकलंय. म्हणून शरीर श्वासावाटे भार हलका करायला धडपडतंय, तीच ही धाप. त्यावर सोडा द्यायचा, तोही मोजून, अंगावरची सूज पाहून. जे पोटात जायचं, ते तुम्ही फडक्याला पाजलं!"

"घोडा मेरे साथ चला!" असं ओरडत बाबा टाचा आपटत दारातून उधळला. दोघं-तिघं बिचारे घोड्याला वाट द्यायला बाजूलाही झाले!

"पण पाणी मंतरलेलं होतं..." भैयाजी पुटपुटला.

रुख्मिणीबाई कडाडल्या, "चूप राय! माह्या माणसाचा जीव चालला अन् मी फडकं पाहून राहिली होती! ह्याच हातानं पुड्या दिल्या मी!" आणि त्या ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसून विचारलं, "डॉक्टर, बरे होतील ना?"

"मूत्रपिंड नवं करता येत नाही, वहिनी. आम्ल मात्र आवरता येतं. आत्ताच दवाखान्यात हलवा."

टांगा आणला. आठवडाभरानं मी भेटायला गेलो, तेव्हा मार्तंडराव शांत झोपले होते आणि रुख्मिणीबाई त्यांचा श्वास न्याहाळत बसल्या होत्या.

बाबांनो, चमत्काराला हात जोडण्याआधी रोग्याकडे नीट पाहा. फडकं लाल झालेलं सगळ्यांनी पाहिलं, पिवळं झालेलंही पाहिलं. माणसाची धाप कमी झाली का, हे मात्र एकानंही पाहिलं नाही.